हळदीचं चौथं बोट

कुरुंद्याच्या प्रेमानंद पाईकराव सरांनी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत घराची बाहेरची कडी काढली आणि ते उंबऱ्यातच थबकले. टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उघडा पडलेला होता. सकाळी शाळेला जाताना त्यांनी तो मिटून वर चष्म्याचं घर ठेवलं होतं. चष्म्याचं घर आता बाजूला, अगदी सरळ ठेवलेलं होतं, आणि उघड्या पानावर 'असिस्ट' या शब्दाखाली एक पिवळंजर्द बोट उमटलेलं होतं.

घरात कुणी नव्हतं. बायको पद्माबाई सकाळपासून शेतात, हळद शिजवायच्या कढईपाशी होत्या. पंखा बंद होता, वारा पडलेला होता, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलत नव्हतं. सरांनी पानाला नाक लावलं. बोट ओलसर होतं आणि त्याला हळदीचा वास होता. सरांच्या पाठीतून एक गार ओघळ खाली गेला, आणि तो घामाचाच आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

तशी समजूत घालणं त्यांना भागच होतं. कुरुंदा आणि आसपासच्या गावांत भुताखेतांचा सोक्षमोक्ष लावणारा माणूस म्हणजे पाईकराव सर. त्यांच्याकडे एक तपासवही होती. तिच्यात प्रकार, ठिकाण आणि कारण असे तीन रकाने, आणि आजवर एक्केचाळीस प्रकार नोंदवलेले. हट्ट्याच्या एका विहिरीत रडणारं मूल म्हणजे अडकलेलं मांजर निघालं. वारंगा फाट्याजवळ बाभळीखाली उभी राहणारी पांढरी बाई म्हणजे खताची फाटकी गोणी निघाली. कारणाचा एकही रकाना कोरा नव्हता, आणि ही गोष्ट सर कुणी विचारो न विचारो, सांगत असत.

हा शब्दकोश त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे अमृतराव गुरुजींचा. सर त्यांचेच विद्यार्थी. गुरुजींचा एक रिवाज होता. मुलानं बरोबर शब्द लिहिला की ते खडूनं माखलेलं बोट त्या शब्दाखाली टेकवत. पिवळा खडू वापरत, पांढरा त्यांना फिका वाटे. चुकीचा शब्द दिसला की म्हणत, "प्रेम्या, माझ्या मागं असा शब्द लिहिशील तर जिथं असन तिथून उठून येईन." गुरुजींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. सरांचा भुतावर अजिबात विश्वास नव्हता. पण गुरुजींवर होता.

आणि नेमका शब्दच अडला होता. बंजारा तांड्यावरची शितल राठोड ही सरांची विद्यार्थिनी. बारावीत शिकणारी, चांगले गुण मिळवणारी, नर्सिंगला जायचं म्हणून हटून बसलेली. तिचे आईबाप दर साल दिवाळीनंतर ऊसतोडीला जात ते उन्हाळ्यातच परतत, आणि दहाव्या वर्षापासून ती आजीजवळ, भिकाबाईंजवळ राहत होती. बंगळुरूच्या एका संस्थेनं तिला निम्मी होकाराची मान हलवली होती. राहिलेली निम्मी मान शिक्षकाच्या पत्रावर अवलंबून होती. 'उमेदवारानं आजवर कुणाला आणि कसा आधार दिला, हे एका पानात इंग्रजीत लिहा. पत्र तुमच्या शब्दांत, तुमच्या हस्ताक्षरात हवं. साच्यातली पत्रं बाद होतील,' असं फॉर्मवर स्पष्ट म्हटलं होतं. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचची. ही मुदत चुकली तर शितल पुढच्या दिवाळीला आईबापाबरोबर उसाच्या फडात जाणार, हे तांड्यात सगळ्यांना माहीत होतं.

पत्र शनिवारीच लिहून झालं होतं. फक्त एका क्रियापदाची जागा मोकळी होती. शितल आजीला काय करते? शनिवारी रात्रीच्या जेवणात सरांनी हा प्रश्न पद्माबाईंपुढे टाकला होता.

"असिस्ट म्हणलं तर कसं होतं, डॉक्टर ऑपरेशन करतो अन् बाजूचा कात्री देतो. शितलनं काय आजीला कात्री दिली का? सपोर्ट म्हणजे टेकू. भिंत कलली की आपण बल्ली लावतो ना, तसा. सस्टेन म्हणजे तगवणं, उन्हाळ्यात झाडाला घागर घागर पाणी घालून जगवतो तसं. अन् एड म्हणजे सरकारी ट्रक येतो, पोती उतरवतो, फोटो काढतो अन् जातो."

"मग हेल्प लिवा की," पद्माबाई भाकरी मोडत म्हणाल्या.

"हेल्प? अगं, तिसरीतलं लेकरू लिहितं हेल्प! सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवून मी हेल्प लिहू?"

"बाबा म्हणायचे, साधा शब्द पुरला तर भारीचा हात धरू नये."

"तुझे बाबा मलाही म्हणायचे," असं म्हणून सरांनी विषय संपवला, आणि रविवारी असिस्ट, सपोर्ट आणि सस्टेन या तीन शब्दांच्या पानांत कागदाच्या तीन चिठ्ठ्या घातल्या. हेल्पच्या पानात चिठ्ठी घालायचं काही कारणच नव्हतं.

सोमवारी बोट दिसल्यावर सरांनी पहिली शंका साहजिक ठिकाणी घेतली. मागच्या अंगणात चार बायका वाळलेली हळद निवडत होत्या, त्यांत भिकाबाईही होत्या. पण चौघींपैकी एकीलाही अक्षराची ओळख नव्हती. जिला वाचता येत नाही ती शब्दकोश कशाला उघडेल? हा विचार सरांना इतका बिनतोड वाटला की त्यांनी अंगणाकडे डोकावूनही पाहिलं नाही. जेवण तसंच ठेवून त्यांनी पत्र पुन्हा लिहिलं. मोकळ्या जागी असिस्ट घातलं, आणि दुपारचा तास घ्यायला थोडे हलक्या मनानं गेले.

मंगळवारी दुपारी शब्दकोश पुन्हा उघडा होता. बोट सस्टेनखाली होतं.

सर खुर्चीत बसले. भीतीपेक्षा आधी त्यांना अपमान वाटला. काल असिस्ट बरोबर होतं, आज सस्टेन. म्हणजे कालचं उत्तर तपासणाऱ्याला पटलं नव्हतं. चौपन्नाव्या वर्षी कुणी तरी आपली वही तपासून राहिलंय, ही भावना त्यांना शाळकरी पोरासारखी जाणवली. त्यांनी पत्र तिसऱ्यांदा लिहिलं. लिहिताना मागे कुणी उभं असल्यासारखं वाटत होतं, म्हणून त्यांनी अक्षर जरा वळणदार काढलं.

बुधवारी सकाळी शाळेला जाताना त्यांनी तपासाची शास्त्रीय पद्धत अवलंबली. टेबलाभोवती जमिनीवर कणकेचा पातळ थर पसरला. कुणी चालत आलं तर पावलं उमटतील, आणि पावलं न उमटता बोट उमटलं तर... या वाक्याचा शेवट त्यांनी मनातल्या मनातही केला नाही.

दुपारी ते धावतच घरी आले. शब्दकोश उघडा होता. बोट सपोर्टखाली होतं. आणि जमिनीवर पावलं नव्हती. जमिनीवर कणीकही नव्हती. फरशी लख्ख कोरडी होती, जणू तिथं कधी काही सांडलंच नव्हतं. सरांनी भिंतीला हात टेकला. भिंत गार लागली.

"अहो, काहून असे पांढरेफटक पडले?" पद्माबाई मागच्या दारानं आत आल्या. "अन् सकाळी एवढी कणीक कोणी सांडली होती? मी झाडून काढली. अन्नाची काही किंमत हाय का न्हाई?"

सरांना एवढं हायसं वाटलं की ते रागवायचंच विसरले. पण बोट होतंच. त्यांनी शब्दकोश पुढे केला. "हे तू केलं का?"

"मी तर शेतात होते. आत्ता येऊन राहिले. काय हाय ते?"

"काही न्हाई," सर म्हणाले. ज्याच्या तपासवहीत एकही रकाना कोरा नाही, त्यानं बायकोला आणखी काय सांगायचं?

पण गावात कणीक तोंडातून तोंडात जायला वेळ लागत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर भावसिंग चहाचं हॉटेल चालवायचा. सात वर्षांपूर्वी तो तांड्यावरचा भगत होता. लिंबातून रक्त काढायचा. सरांनी भरबाजारात तसंच लिंबू कापून तसंच रक्त काढून दाखवलं होतं, सुरीला काय लावतात तेही सांगितलं होतं, आणि वर त्यालाच हॉटेल काढायचा सल्ला दिला होता. हॉटेल बरं चाललं होतं, त्यामुळे दोघांत वैर नव्हतं. बुधवारी संध्याकाळी भावसिंगनं चहाचा कप स्वतः आणून दिला आणि तो शेजारी बसला.

"सर, घरात कणीक टाकली म्हणून ऐकलं."

"उंदीर झालेत."

"व्हय, होतात उंदीर," भावसिंग समजुतीनं म्हणाला. "मी कोणाला सांगत न्हाई. तुमी बिनघोर सांगा."

"अरे, मला काही झालेलं न्हाई!"

"माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस पयलं हेच म्हणायचा, सर."

सरांनी चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली. भावसिंगनं इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "लिंबू तर खोटंच होतं, तुमी दावलं, मी कबूल केलं. पण एक सांगू का? आमच्या आज्ज्याकडं ऐकलेलं. जे भर दुपारी येतं ना, ते तकलीफ द्यायला येत न्हाई. ते बघायला येतं, सांगितलेलं काम झालं का न्हाई म्हणून. काम झालं की जातं."

"अन् न्हाई झालं तर?"

"तर रोज येतं," भावसिंग म्हणाला आणि कप उचलून गेला.

रात्रभर सरांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी सव्वीस वर्षांतली पहिली अर्ध्या दिवसाची रजा लिहिली. कारणाच्या जागी 'घरगुती तपास' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली आणि विचारलं काहीच नाही, त्यावरून बातमी कुठवर गेली ते सरांना कळलं.

साडेअकराला ते पुढच्या दारानं शिरले, शेजारच्या पोराकडून बाहेरची कडी लावून घेतली आणि पलंगाखाली जाऊन आडवे झाले. सोबत टॉर्च आणि तपासवही घेतली होती. पद्माबाई मागे कुठं तरी असतील, त्यांना त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही. पलंगाखाली जुन्या वह्यांचा गठ्ठा, एक फुटकी सुपली आणि दोन वर्षांची धूळ होती. बारा वाजले. अंगणातला सुपांचा आवाज थांबला. कावळा ओरडत होता तोही थांबला. दुपार इतकी गप्प झाली की सरांना आपल्याच मनगटावरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

मग कडी निघाली. आवाज न करता, हळूहळू, कुणी जपून काढावी तशी. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली आणि त्या पट्टीत दोन पावलं उभी राहिली.

पावलं पिवळी होती. नखांपासून घोट्यापर्यंत पिवळी. ती फरशीवर टेकत होती आणि आवाज होत नव्हता. सरांच्या डोक्यातून एक्केचाळीस प्रकारांची एक्केचाळीस कारणं पार निघून गेली. पावलं टेबलापाशी आली. चष्म्याचं घर सरकलं. पान उलटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ अगदी बारीक पुटपुटणं सुरू झालं. भाषा मराठी नव्हती. इंग्रजीही नव्हती.

सरांना गुरुजींची क्षमा मागायची होती. त्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा पावलांवरची हळद आणि पलंगाखालची धूळ एकदमच नाकात शिरली आणि ते शिंकले.

"याडी गंऽऽ!" आईला हाक मारत पिवळ्या पावलांनी जागच्या जागी उडी मारली. सर दचकून उठायला गेले, त्यांचं डोकं पलंगाच्या फळीवर आपटलं, टॉर्च पेटला, आणि पलंगाखाली उजेड पडून दोन पाय लाथा झाडताना दिसू लागले. ते पाहून वरचा आवाज आणखी चढला. "भूत! सरांच्या घरात भूत!"

"भिकाबाई! अवो, मी हाय! मी!"

भिकाबाईंनी खाली वाकून खात्री करून घेतली. मग त्या मटकन फरशीवर बसल्या. सर रांगत बाहेर आले. त्यांच्या केसांत जाळं होतं आणि हातात तपासवही. 

"तुमी काहून पलंगाखाली बसून राहिले, सर?"

"तुमी काहून माझं पुस्तक उघडून राहिल्या?"

भिकाबाईंनी पदर सारखा केला. "शितलीनं सांगितलं, सर एका शब्दापाशी अडलेत. त्या जाड्या पुस्तकात हाय म्हणे तो शब्द, पण कोणता घ्यावा समजंना. पोरीला दोन रोज झोप न्हाई. आता मला काय वाचता येतं? पण आमच्यात असं अडलं तर देवीपुढं कौल लावतात. मी म्हणलं, शब्दाचाही कौल लावता येत असन. तुमच्या चिठ्ठ्या दिसल्या. डोळे मिटायचे, आमच्या बोलीत देवीचं नाव घ्यायचं, एक चिठ्ठी धरायची, अन् पान उघडून तिच्याजवळच बोट टेकवायचं."

"चिठ्ठी मी शब्दाच्या अगदी कडेला लावली होती," सर पुटपुटले. म्हणजे बोट त्यांच्याच चिठ्ठीनं शब्दाखाली नेलं होतं.

"तीन रोज लावला. तिन्ही रोज येगळा निघाला. देवीलाबी इंग्रजी जमत न्हाई वाटतं." त्या ओशाळवाणं हसल्या. "आज चौथा लावणार होते, तर तुमी खालून बोलले."

सरांना हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. भुताखेतांचा सोक्षमोक्ष लावणारे आपण, तीन दिवस एका कौलाप्रमाणे पत्र बदलत होतो. मागच्या अंगणात डोकावून पाहिलं असतं तर सोमवारीच संपलं असतं. निरक्षर बाईला पुस्तकाशी काय काम, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्या बाईनं या चार दिवसांत त्यांच्यापेक्षा जास्त वेळा ते पुस्तक उघडलं होतं.

घड्याळात साडेबारा झाले होते. सरांनी पेन काढलं. "भिकाबाई, एक सांगा. शितल तुमाला काय करते? म्हणजे कसं सांभाळते?"

भिकाबाई विचारात पडल्या. "सकाळी मला चहा देते, तर मी तिच्यासाठी चूल पेटवलेली असते. तिला पाच किलोमीटर शाळा, तर मी तांड्याच्या तोंडापर्यंत सोडायला जाते. मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई, तर येताना ती मला आणायला येते. आईबापाची सय येऊन ती रडली की मी तिला धरते. मग मलाबी पोराची सय येते, तर ती मला धरते. आता त्यात कोण कोणाला सांभाळून राहिलं, आमालाच न्हाई समजत, सर. तुमी शिकलेले, तुमीच ठरवा."

 आठवडाभर ते क्रियापद शोधत होते आणि कर्त्याचाच पत्ता नव्हता. टेकू म्हणावं तर भिंत कोणती? कात्री देणारी कोण आणि घेणारी कोण? त्यांनी नवा कागद घेतला, आणि चूल, चहा, तांड्याचं तोंड, उजवा डोळा, सगळं जसंच्या तसं लिहिलं. शेवटी तीन ओळी लिहिल्या. शितल आजीला मदत करते. आजी शितलला मदत करते. कोण कुणाला जास्त करते, ते मी सव्वीस वर्षं शिकवणारा तिचा शिक्षक असूनही ठरवू शकलो नाही. तिन्ही ओळी इंग्रजीत होत्या आणि क्रियापद एकच होतं, हेल्प.

तीनला शितल आली. तिनं पत्र वाचलं, डोळे पुसले आणि सरांच्या केसांतलं जाळं पाहिलं. मोबाइलवर फोटो काढून तिनं पत्र पाठवलं तेव्हा पावणेचार वाजले होते.

ती आणि भिकाबाई गेल्यावर सर खुर्चीत टेकले. सवय म्हणून, सव्वीस वर्षांची खोड म्हणून, पाठवलेला शब्द त्यांनी शब्दकोशात एकदा पाहून घ्यायचं ठरवलं. एचचं पान काढलं.

हेल्पखाली पिवळं बोट होतं.

ते ओलं नव्हतं, आणि अगदी जुनंही दिसत नव्हतं. त्या पानात चिठ्ठी नव्हती. भिकाबाईंनी तीनच बोटं टेकवली होती.  सरांनी पुस्तक उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. पद्माबाई चहा गाळत होत्या. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत पिवळं होतं.

"हे तू केलं," सर म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं.

पद्माबाईंनी पान पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "हळदीच्या दिवसात कुरुंद्यात कोणाचं बोट पिवळं न्हाई? तुमचं बघा."

सरांनी स्वतःचं बोट पाहिलं. ते पिवळं होतं.

"अन् बाबांच्या पुस्तकाला मी कामाचा हात लावत नसते," असं म्हणून पद्माबाईंनी त्यांच्या हातात कप दिला आणि पाठ वळवली. पाठ वळवताना त्या हसल्या का, हे चहाच्या वाफेमुळे सरांना नीट दिसलं नाही.

अकरा दिवसांनी बंगळुरूहून शितलला फोन आला. निवड झाली होती. जूनमध्ये बोलावलं होतं. तांड्यावरून पेढे आले, भावसिंगनं शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना फुकट चहा पाजला आणि सरांना एकट्याला बाजूला घेऊन विचारलं, "येणं थांबलं ना?" सर म्हणाले, "थांबलं."

त्या दुपारी त्यांनी तपासवही उघडली आणि बेचाळिसावा प्रकार नोंदवला. प्रकार, हळदीची बोटं. ठिकाण, स्वतःचं घर. कारण या रकान्यात पहिल्या तीन बोटांसमोर त्यांनी 'भिकाबाई, कौल' असं लिहिलं. चौथ्या बोटापाशी त्यांचं पेन थांबलं. कोरा रकाना सोडणं त्यांना जमत नव्हतं, आणि पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन विचारायची हिंमत होत नव्हती. उत्तर हो आलं असतं तरी पंचाईत, नाही आलं असतं तरी पंचाईत.

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. कॅलेंडर हलत नव्हतं. सरांनी एकदा मागे वळून पाहिलं, मग अक्षर जरा वळणदार काढत चौथ्या बोटासमोर एकच साधा शब्द लिहिला, 'मदत', आणि वही मिटली.